पाटाचें पाणी आणि उताराचें शेत

पाणी आलें कीं जमिनीचें सोनें होतें, ही आमच्याकडील लोकांची श्रद्धा इतकी जुनी व इतकी स्वाभाविक आहे कीं, पाण्यानें जमीन मरूंहि शकते असें म्हणणारा मनुष्य प्रथमदर्शनीं विक्षिप्तच वाटावा. दुष्काळानें वारंवार होरपळलेल्या दख्खनच्या रहिवाशानें तर असा विचार मनांत आणावाच कशाला? तथापि नीरा, प्रवरा, गोदावरी किंवा कृष्णा यांच्या खोऱ्यांतून जो कोणी उन्हाळ्यांत पायीं हिंडला असेल, त्याला एक देखावा खचित आठवत असेल. पाटाच्या खालच्या अंगाला, उसाच्या हिरव्यागार फडाला अगदीं लागून, एखादा जमिनीचा तुकडा पांढरा पडलेला असतो. त्यावर लोणा चढलेला असतो, लव्हाळा माजलेला असतो, आणि कडेला वेडी बाभूळ उभी असते. अशी जमीन पाझरानें ओली राहूं लागली म्हणजे शेतकरी 'उपळली' म्हणतो. पांढरी झाली म्हणजे 'खार फुटला' म्हणतो. आणि पावसांत मेणासारखी चिकट व उन्हांत दगडासारखी कठीण झाली म्हणजे तिला 'चोपण' हें नांव देतो. या तीन शब्दांच्या पोटीं शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. कालव्यांच्या गौरवपर वर्णनांत त्याला फारशी जागा मिळालेली नाहीं, म्हणूनच नीरेच्या डाव्या कालव्याच्या निमित्तानें तो थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

बारामती म्हटली कीं मराठी वाचकाला प्रथम मोरोपंत आठवतात. कऱ्हेच्या कांठीं बसून त्यांनीं आर्यांचा जो अखंड ओघ वाहविला, त्याच्या मानानें त्या प्रांतांतील पर्जन्याचा ओघ फारच बेताचा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, पण पूर्वेस साठ-सत्तर मैलांवर बारामती-इंदापुरांत तो वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास आला तरी लोक देवाचे आभार मानतात. ज्वारी-बाजरी हेंच तेथील पीक, आणि विहिरीवर मोट चालेल तेवढेंच बागाइत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें या भागाची जी दैना केली, तीमुळें सरकारला कालव्याचा विचार निकडीनें करणें भाग पडलें. वीर येथें नीरेवर बंधारा घालून डाव्या तीरानें कालवा काढण्यांत आला. १८८५ मध्यें तो वाहूं लागला. त्याला बारमाही पाणी पुरावें म्हणून भोर संस्थानांत भाटघर येथें येळवंडी नदीवर धरण बांधलें गेलें. त्याच्याच जवळ पुढें अधिक उंचीचें लॉइड धरण १९२७ च्या सुमारास उभें राहिलें, हें बहुतेकांस ठाऊक आहेच.

पण पाणी आलें तरी तें घ्यावयास प्रथम फारसें कोणी पुढें येईना. ज्वारी करणाऱ्या कुणब्याला दर भरून पाणी घेणें परवडण्यासारखें नव्हतें. पाऊस बरा झाला तर पाण्याची गरज नाहीं, आणि पाऊस गेला तर सर्वांनाच एकदम पाणी पाहिजे, अशी स्थिति. दुष्काळनिवारणार्थ काढलेला कालवा सुकाळीं रिकामा वाहावा आणि त्याचा खर्च निघूं नये, याची सरकारी हिशेबनिसांस चिंता पडली. ती चिंता उसानें दूर केली. उसाला बारा महिने पाणी लागतें, त्याचा दर सर्वांत जास्त असतो, आणि गुळाला बाजार आहे. सासवडकडचे माळी या विद्येंत मुरलेले. त्यांनीं कालव्याच्या कांठीं येऊन खंडानें जमिनी घेतल्या, पेंड घातली, ऊस लावला, गुऱ्हाळें उभीं केलीं. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं स्थानिक शेतकऱ्याचाहि संकोच घालविला. ओसाड माळावर गुळाचा घमघमाट सुटला, आणि ज्यांनीं तो बदल डोळ्यांनीं पाहिला त्यांना कालवा म्हणजे प्रत्यक्ष भागीरथी वाटली असल्यास त्यांत नवल नाहीं.

या आनंदाच्या काळांतच जमिनीच्या पोटांत दुसरी एक घडामोड चालू होती. आमची काळी जमीन वरून एकसारखी दिसली तरी तिच्याखालीं मुरूम असतो, आणि मुरुमाखालीं काळा कातळ. काळी माती पाणी धरून ठेवते, मुरूम तें वाहूं देतो, कातळ तें अडवितो. उंचवट्यावरच्या शेतास उसासाठीं जें पाणी देतात, त्याचा पिकाला न लागलेला भाग मुरुमांत उतरतो व मुरुमाच्या थरांतून उताराकडे सरकत जातो. तो जेथें खोलगट भागांत येतो, तेथें वरची काळी जड माती बुचासारखी बसलेली असते. पाण्याला बाहेर पडावयास वाट नसते, मागून दाब मात्र येत राहतो. मग तें खालून वर चढूं लागतें. पृष्ठभागापासून चार-सहा फुटांवर आलें म्हणजे दिव्याच्या वातीनें तेल ओढावें तशी माती तें वर ओढते. ऊन पाणी घेऊन जातें, आणि पाण्यानें वाटेंत विरघळवून आणलेले क्षार तेवढे मागें राहतात. हे क्षार मुख्यत्वें सोडिअमचे. त्यांचा अतिरेक झाला म्हणजे मातीचे कण एकमेकांस सोडून देतात, छिद्रें बुजतात, आणि पाणी ना खालीं जात ना वर येत. तीच चोपण जमीन. ती धुऊन काढूं म्हटलें तर धुण्याचें पाणीहि तिच्यांत शिरत नाहीं; आधीं जिप्समसारखा चुन्याचा क्षार घालून सोडिअमला हुसकावून लावावें लागतें, आणि मग धुवावें लागतें.

येथें एक शंका वाचकांच्या मनांत येईल, कीं सह्याद्रीवरील पावसाचें पाणी तर गोडें; त्यांत मीठ कोठून आलें? पूर्णपणें क्षारहीन असें पाणी नदींत नसतेंच. एका लिटरमागें पंचमांश ग्रॅम क्षार असलेलें पाणी पिण्यास उत्तम समजलें जाईल. तेंच पाणी एक हेक्टर उसाला वर्षांत दोन मीटर खोलीचें दिलें, तर दोन कोट लिटर झालें, आणि त्याबरोबर चार टन क्षार शेतांत येऊन पडले. पण नीरेच्या बाबतींत याहूनहि मोठा सांठा जमिनीच्या पोटींच होता. कातळ झिजून माती होतांना जे क्षार निघतात, ते थोड्या पावसाच्या प्रदेशांत वाहून जात नाहींत, खालींच पडून राहतात. हजारों वर्षें निजलेल्या त्या मिठाला कालव्यानें जागें केलें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी तम्हाणे यांनीं १९१० मध्यें 'नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनी' या विषयावर जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिनें या प्रश्नाचा शास्त्रीय पाया घातला. कालवा वाहूं लागून पुरीं पंचवीस वर्षेंहि लोटलीं नव्हतीं, तोंच त्याच्या खालच्या जमिनीविषयीं स्वतंत्र चौकशी करण्याची पाळी आली, ही गोष्ट बोलकी आहे.

हा अनुभव नवा होता, म्हणून तो आधीं कोणाच्या लक्षांत आला नाहीं, अशी सबब पुष्कळदां पुढें केली जाते. ती आम्हांस मान्य नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत यमुनेच्या कालव्यांखालीं 'रेह' फुटून गांवेंच्या गांवें नापीक होत असल्याची ओरड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच होती. भूगर्भशास्त्रज्ञ मेडलिकॉट यानें त्या रेहवर १८६३ मध्यें निबंध लिहिला होता. म्हणजे नीरेचा कालवा वाहूं लागण्यापूर्वीं वीस वर्षें रोगाचें निदान छापून तयार होतें. आणि इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा रोग मानवी संस्कृतीइतकाच जुना आहे.

सुमेर देशांत, म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिण भागांत, उम्मा व लगश अशीं दोन शेजारचीं नगरराज्यें होतीं. उम्मा वरच्या अंगास, लगश खालच्या. सीमेवरील शेतांच्या पाण्यावरून त्यांचें वैर पिढ्यान्पिढ्या चाललें. उम्मेचे लोक वरून पाणी अडवीत. इसवी सनापूर्वीं २४०० च्या सुमारास लगशचा राजा एन्मेतेना यानें हा जाच कायमचा टाळण्यासाठीं तैग्रिस नदीवरून स्वतंत्र कालवा आणला. पाणी मुबलक झालें. इतकें मुबलक, कीं झिरपून झिरपून भूजल वर आलें. थॉर्किल्ड जेकब्सन व रॉबर्ट अॅडम्स या दोन विद्वानांनीं १९५८ मध्यें मृत्तिकालेखांतील देवळांचे हिशेब तपासून जी संगति लावली, ती चित्तवेधक आहे. इ. स. पूर्वीं ३५०० च्या सुमारास त्या देशांत गहूं व जव सारख्याच प्रमाणांत पिकत. गव्हाला मीठ सोसत नाहीं, जव तें बरेंच सोसतो. एक हजार वर्षांनंतर गिर्सूकडील भागांत गहूं एकंदर पिकाच्या षष्ठांशावर आला, इ. स. पूर्वीं २१०० च्या सुमारास शेंकडा दोनवर. आणि १७०० च्या सुमारास तो नाहींसाच झाला. जवाचें उत्पन्नहि याच काळांत दर हेक्टरीं सुमारें २५०० लिटरांवरून ९०० वर घसरलें. मार्व्हिन पॉवेल यांनीं १९८५ मध्यें या अनुमानांवर कडक आक्षेप घेतले आहेत. धान्य बदललें तें केवळ मिठामुळेंच कशावरून, असा त्यांचा प्रश्न. आणि तो विचार करण्याजोगा आहे. सुमेरचा अस्त मिठानें केला असें ठोकून देणें आम्हांसहि साहस वाटतें. परंतु त्या देशाला खाऱ्या जमिनीची बाधा होती याविषयीं मात्र वाद नाहीं. पुढें अब्बासी खलिफांच्या काळीं बसऱ्याजवळ शेतांवरचा खारट थर खरवडून काढण्याच्या कामास आफ्रिकेंतील हजारों गुलाम जुंपलेले होते. त्यांनीं ८६९ मध्यें बंड उभारलें, तें मोडावयास चवदा वर्षें लागलीं. त्याच देशांतील शेतकऱ्यांची एक जुनी युक्ति तर फार शहाणपणाची. तो एक वर्षाआड शेत पडीक टाकी आणि त्यांत जवासा व तत्सम कांटेरी झुडपें वाढूं देई. तीं आपल्या खोल मुळांनीं जमिनीखालचें पाणी शोषून तिचें पोट कोरडें करीत. पडीक शेत आळशाचें लक्षण मानणाऱ्या आमच्यासारख्या पांढरपेशांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

सुमेरहून परत नीरेवर यावयाचें तें एका प्रश्नासाठीं: मीठ कोणाच्या वांट्यास येतें? आमच्या मतें या साऱ्या इतिहासाचें मर्म येथें आहे. जो पाणी जास्त देतो त्याचें शेत बहुधा उंचवट्यावर, पाटाच्या तोंडाशीं असतें. तेथें निचरा चांगला, ऊसहि चांगला. खार फुटतो तो उताराच्या शेतांत, ज्याच्या मालकानें कदाचित् पाटाचें पाणी कधीं घेतलेंहि नसेल. ज्यानें खंडानें जमीन घेतली, तो पीक बसतांच दुसरीकडे जाऊं शकतो. नीरेवरील माळ्यांपैकीं अनेकजण पुढें प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर गेले, आणि सासवडकरांनींच १९३० नंतरच्या दशकांत माळीनगरास साखरेचा कारखाना उभारला. त्यांच्या उद्योगशीलतेविषयीं आम्हांस आदरच आहे, त्यांना दोष देण्याचा हेतु नाहीं. पण ज्याची वतनी जमीन उताराला आहे, त्यानें कोठें जावें?

कायद्यानें या बिचाऱ्याचा विचार कसा केला होता, हें पाहण्यासारखें आहे. मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा १८७९ चा. त्यांत अशी तरतूद होती कीं, कालव्यापासून दोनशें यार्डांच्या आंतील जमिनीस पाझरानें प्रत्यक्ष पाणी दिल्यासारखा फायदा होत असेल, तर तिच्यावर पाणीपट्टी बसवितां येईल. म्हणजे पाझर सरकारच्या मालकीचा, आणि त्याचा लाभ झाला तर त्याचें मोल द्यावयाचें. न्यायाला धरूनच आहे असें समजूं. पण त्याच पाझरानें नुकसान झालें तर? उत्तर हिंदुस्थानासाठीं १८७३ मध्यें केलेल्या कालव्यांच्या कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर निःसंदिग्ध शब्दांत दिलें होतें. हवा किंवा जमीन बिघडल्याबद्दल नुकसानभरपाई मिळणार नाहीं! हे कायदे करणारे लोक दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या हिशेबाच्या वहींत जमेच्या बाजूस पाणीपट्टीचा रकाना होता. मेलेल्या शेताचा रकानाच आंखलेला नव्हता. निचऱ्याच्या चरावर कोणी पट्टी देत नाहीं, म्हणून चर खणण्यास पैसा निघत नाहीं. धरणाचें उद्घाटन करावयास गव्हर्नर येतो. चराचें उद्घाटन झाल्याचें आमच्या तरी वाचण्यांत नाहीं.

तथापि सरकारी इंजिनियरांत विचारी माणसें नव्हतीं असें नाहीं. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरींत असतां विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं दख्खनच्या कालव्यांसाठीं 'ब्लॉक' पद्धति सुचविली. पाणी थोड्या गांवांत कोंडून न ठेवतां पुष्कळ गांवांत विभागावें. निचऱ्याच्या चांगल्या जमिनी निवडून त्यांचे गट पाडावे. गटाच्या एका भागांत ऊस, बाकीच्यांत इतर पिकें, आणि तीं आळीपाळीनें फिरवावीं, असें तिचें थोडक्यांत स्वरूप. शेतकऱ्यांना ती प्रथम जाचक वाटली, कारण कोणतें पीक कोठें घ्यावें हें सरकारनें ठरवावें ही कल्पनाच त्यांना परकी होती. पुढें अंमलांत तिचा ओढा पुन्हां उसाकडेच झुकला, आणि पाणी विभागून देण्याचा मूळ हेतु मागें पडला. १९१६ मध्यें मुंबई सरकारनें पाटाच्या पाण्याच्या वापराच्या अभ्यासासाठीं एक खास शाखा काढली. क्लॉड इंग्लिस व त्यांचे सहकारी गोखले यांनीं तिच्या द्वारें दख्खनच्या बिघडलेल्या जमिनींचा कसून अभ्यास केला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जलसंशोधन संस्था तिच्यापासूनच वाढली; म्हणजे नद्यांचे व बंदरांचे प्रचंड नमुने करून पाहणाऱ्या त्या विख्यात संस्थेचें मूळ आमच्या उपळट शेतांत आहे, हें पुणेंकरांनाहि क्वचितच ठाऊक असतें. इंग्लिस यांच्या कामांतून एक व्यवहार्य गोष्ट निष्पन्न झाली. काळ्या मातींत उथळ चर खणून उपयोग नाहीं. चर मुरुमापर्यंत पोंचला पाहिजे, कारण पाणी चालतें तें मुरुमांतून. तो वरून येणाऱ्या पाझराच्या आडवा पडला पाहिजे आणि नाल्यापर्यंत गेला पाहिजे.

'नाल्यापर्यंत गेला पाहिजे' या तीन शब्दांच्या अटींतच सारें घोडें पेंड खातें. शेत माझें, पण त्याचें पाणी नाल्यास न्यावयाचें तर मध्यें शेजाऱ्याचीं तीन शेतें. पाणी आणण्यासाठीं सर्व एकत्र येतात, कारण प्रत्येकाला तें हवें असतें. तें घालवून देण्यासाठीं ज्याचें शेत बुडालें तेवढाच धडपडतो, आणि वरचा मनुष्य आपली चांगली जमीन चराखालीं घालवावयास तयार नसतो. खानदेशांत पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरील जुन्या बंधाऱ्यांखालीं फड पद्धति चालत असे, तींत गांवानें मिळून एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, फड दरवर्षीं बदलावयाचे, आणि पाणी बारेकऱ्यानें ठरल्या पाळीनें द्यावयाचें, असा रिवाज होता. एक फड पाण्याखालीं असतां दुसरा हलक्या पिकास किंवा विश्रांतीस मिळे. त्या लोकांना सोडिअमचें नांव ठाऊक नव्हतें. पण आपलें पाणी शेजाऱ्याच्या शेतांत जातें, म्हणून तें केवळ आपलें नव्हे, एवढें त्यांच्या रिवाजाला ठाऊक होतें. विश्वेश्वरय्यांचा ब्लॉक हा फडाचाच सरकारी अवतार म्हणतां येईल. फरक इतकाच, कीं फड गांवानें चालविला आणि ब्लॉक कचेरीनें.

स्वातंत्र्यानंतर कृष्णाकांठीं हाच इतिहास नव्या साधनांनीं घडला. सांगली-कोल्हापुराकडे सहकारी तत्त्वावर नदीचें पाणी पंपानें उचलून घेतलें गेलें, कारखाने निघाले, गांवें सधन झालीं. आणि नदीकांठच्या खोल काळ्या जमिनींत खार फुटला. कोणत्याहि परकी सरकारास आतां दोष देण्याची सोय उरली नव्हती. कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रानें या जमिनींवर बरेंच काम केलें आहे, आणि १९६९ मध्यें निघालेल्या कर्नाळच्या क्षारजमीन संशोधन संस्थेनें तर देशभर. आतां उघड्या चराऐवजीं जमिनीखालीं सच्छिद्र नळ पुरतात, त्यांवर जाळीचें वेष्टण घालतात, आणि सर्व नळांचें पाणी एका मोठ्या नळांत आणून नाल्यास सोडतात. असे नळ घातलेल्या शेतांत पुन्हां ऊस उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे. मात्र खर्च मोठा. आणि वरच्या शेतकऱ्याची, खालच्या शेतकऱ्याची, आणि ज्याच्या बांधावरून मोठा नळ जाणार त्याची संमति पूर्वीसारखीच मिळवावी लागते. ठिबक सिंचनानें पाणी निम्म्यावर येतें हें खरें. पण वरच्यानें ठिबक घेतलें तर त्याचा फायदा खालच्याला, म्हणून वरच्याला त्याची घाई नसते.

कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांबरोबर आम्ही नीरेच्या खोऱ्यांतील एका गांवीं गेलों होतों. स्नेह्यांच्या वडिलांच्या लहानपणीं खणलेला एक जुना चर तेथें होता, तो आम्हांस पाहावयाचा होता. दाखवावयास आलेले गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. त्यांचें शेत चराच्या खालच्या अंगास. एका जागीं ते थांबले आणि म्हणाले, "हा बघा, मास्तर." आम्हांस उसाखेरीज कांहीं दिसेना. मग त्यांनीं काठीनें दाखविलें. उसाच्या रांगांत एक पट्टा इतरांहून हात-दीड हात खोल होता. वरच्या शेतकऱ्यानें चर हळूंहळूं बुजवीत आणून त्यावर चार सऱ्या वाढविल्या होत्या. "त्याला बोललां नाहीं का?" आम्ही विचारलें. "बोललों कीं. म्हणाला, काका, तुमच्याकडं पाणी येतंय तर पाटाला अर्ज कशाला करतां?" असें म्हणून म्हातारे हंसले, आणि बांध ओलांडून आपल्या शेतांत उतरले. त्यांच्या वहाणांखालीं पांढरी माती करकर वाजत होती.